देठासकट

आमच्याकडे फूल किलोवर येतं. झेंडू, शेवंती, कापरी, सुटी गुलछडी. दादरच्या मीनाताई ठाकरे मंडईतून भल्या पहाटे माल निघतो, ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या आमच्या गाळ्यात उजाडायच्या आत पोती मोकळी होतात आणि सासूबाईंच्या पुढ्यात ढीग पडतो. हाराला फूल लागतं ते मानेपासून खुडलेलं. ओवताना देठ सुईच्या आड येतो, म्हणून चुकून राहिला असेल तेवढाही नखाने काढून टाकायचा. 16 वर्षांपूर्वी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा फुलांतलं पहिलं काम मला मिळालं ते हेच. झेंडूचे देठ काढणं. संध्याकाळपर्यंत नखं काळी-हिरवी व्हायची आणि तो उग्र वास जेवताना हाताला यायचा.

हे आधी सांगितलं, कारण गेल्या आषाढात मी वाशीला जे पाहून आले, त्याचा सगळा संबंध त्या काढून टाकलेल्या देठाशी आहे.

बुके आणि सजावटीचं काम आमच्याकडे मी सुरू केलं. हार, वेण्या, रोजच्या फुलपुड्या हा सासऱ्यांचा धंदा, तो आजही घर चालवतो. पण साखरपुडे, बारशी, दुकानांची उद्घाटनं यांना लोक बुके मागायला लागले, आणि गिऱ्हाईक समोरच्या गाळ्यात जाताना बघवेना. कुणाकडे रीतसर शिकले नाही. मोबाइलवर फोटो बघायचे आणि तसं करायचं. टोपलीत हिरव्या फोमचा ठोकळा बसवायचा, त्यात जरबेरा, डच गुलाब, कार्नेशन खोचायचे, मधल्या फटी जिप्सीच्या बारीक पांढऱ्या फुलांनी आणि कामिनीच्या पाल्याने बुजवायच्या. फोम कुठूनही दिसता कामा नये, हा एकच नियम मला माहीत होता. त्या नियमापायी मी गुलाबाची 2 फूट दांडी 4 इंचांवर कापत होते. दांडीचे पैसे मोजून घ्यायचे आणि दांडी कचऱ्यात टाकायची, हे वर्षानुवर्षं केलं आणि त्यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही. हारवाल्याच्या घरात देठ टाकायचाच असतो.

बाजारात या दोन्ही गोष्टींना वेगळे भाव असतात. गुलछडी, म्हणजे आपला निशिगंध, सुटी घेतली तर किलोवर, काडीसकट घेतली तर जुडीवर. फूल तेच. काडीला पैसे का पडतात, याचा विचार मी केला नव्हता.

आषाढात आमचं काम मंद असतं. लग्नं नाहीत, आषाढी एकादशीच्या तुळशीच्या माळा संपल्या की श्रावणापर्यंत फुलपुड्या आणि देवळांचे हार एवढंच. त्याच दिवसांत एका डेकोरेटर मित्राने पास आणून दिला. वाशीला सिडकोच्या एक्झिबिशन सेंटरमध्ये फुलसजावटीच्या धंद्यातल्या लोकांसाठी प्रदर्शन होतं, 3 दिवसांचं. नवरा म्हणाला, "जाऊन ये, दुकान आम्ही बघतो." ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडली. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत अर्ध्या-पाऊण तासात वाशी, आणि स्टेशनच्या समोरच ते केंद्र. पाऊस धो धो पडत होता. साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती, पण आत पाऊल टाकलं आणि थंड हवेबरोबर जो वास आला, तो मी आजवर घेतलेला नव्हता. आमच्या गाळ्यात झेंडूचा, ओल्या गोणपाटाचा, कुजक्या पाल्याचा मिळून एक वास असतो. इथे नुसती लिली आणि कापलेल्या हिरव्या दांड्यांचा वास होता.

पहिला तास मी फक्त चालत होते. थायलंडहून आलेली ऑर्किड, प्रत्येक काडीच्या टोकाला पाण्याची करंगळीएवढी नळी लावलेली. ग्लिसरीनमध्ये मुरवून वर्षभर टिकवलेले गुलाब. मावळातल्या पॉलिहाउसवाल्यांचे जरबेरा, एकेक फूल प्लॅस्टिकच्या झबल्यात. निळ्या रंगाच्या पाण्यात उभे करून निळे केलेले ऑर्किड, जे मला अजिबात आवडले नाहीत. रंग पाकळीच्या शिरांत उतरलेला दिसतो आणि फूल आजारी वाटतं. प्लॅस्टिकच्या फुलांचीही एक अख्खी रांग होती. तिथे गर्दी सगळ्यात जास्त होती, आणि मला पोटात काहीतरी तुटल्यासारखं झालं. आमच्यासारख्यांच्या आणि वसई-विक्रमगडच्या चाफा-मोगरा पिकवणाऱ्यांच्या तोंडचा घास तिथे पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून चालला होता.

एका स्टॉलवर मात्र थांबले आणि अर्धा तास हलले नाही. तिथला मुलगा छोट्या पुड्या विकत होता, फुलांच्या खोक्यात ठेवायच्या. आत पोटॅशियम परमँगनेट असतं, ते इथिलीन वायू नष्ट करतं. पिकणारं फळ हा वायू सोडतं आणि तो लागला की फूल लवकर म्हातारं होतं. कार्नेशनला तर फारच लवकर लागतो, पाकळ्या आत वळतात, फूल मिटल्यासारखं होतं. त्याने फोटो दाखवला आणि मला एक मे महिना आठवला. गावाहून हापूसच्या चार पेट्या आल्या होत्या, घरात जागा नाही म्हणून गाळ्यात मागे ठेवल्या होत्या. शेजारी दुसऱ्या दिवशीच्या साखरपुड्याची कार्नेशन्सची बादली. सकाळी सगळी फुलं झोपलेली. मी ज्याच्याकडून माल घेतला त्याच्याशी कडाक्याचं भांडले, शिळा माल दिलास म्हणून. त्या माणसाचा काही दोष नव्हता. वाशीहून परतल्यावर पहिल्यांदा त्यालाच फोन केला आणि सांगितलं. तो हसला, त्याला आठवतही नव्हतं. मला मात्र मोकळं वाटलं.

आता मुख्य गोष्ट.

आयात केलेल्या फुलांचा एक स्टॉल होता. काळ्या कापडावर उंच काचेच्या नळ्या, प्रत्येकीत एकच काडी. तिसऱ्या नळीपाशी मी थबकले. सहा पाकळ्या, कडेने नागमोडी, मुळाशी पिवळ्या आणि टोकाकडे लालभडक, सगळ्या उलट्या वर वळलेल्या. ज्योत वाऱ्याने वर उसळावी तशा. खाली सहा पुंकेसर चहूकडे पसरलेले, आणि मधली हिरवी काडी काटकोनात बाजूला वाकलेली. पानाचं टोक लांब होत होत शेवटी दोऱ्यासारखं होऊन स्वतःभोवती वेटोळं घालून बसलेलं. पाटीवर 'ग्लोरिओसा' लिहिलेलं आणि एका काडीचा जो भाव होता, त्यात आमच्याकडे पाच हार येतात.

मी मोठ्यानेच म्हणाले, "अहो, ही तर कळलावी."

स्टॉलवरचे गृहस्थ गुजराती होते, त्यांना शब्द कळला नाही. पण मागे उभी असलेली एक मुलगी हसून म्हणाली, "आमच्याकडे गौरीचे हात म्हणतात." ती रत्नागिरीची होती. आम्ही दोघी त्या नळीपुढे उभ्या राहिलो. येऊरच्या रस्त्याला पावसाळ्यात कुंपणावर चढलेली ही वेल मी किती वेळा पाहिली असेल! अग्निशिखा, कळलावी, गौरीचे हात, अशी तिची नावं. तमिळनाडूचं ते राज्यफूल आहे, तिथे बियांसाठी तिची शेती होते, कारण बियांतलं कोल्चिसिन औषधाला लागतं. झिम्बाब्वेचं तर राष्ट्रीय फूल. हे सगळं त्या मुलीनेच सांगितलं, ती वनस्पतिशास्त्र शिकलेली होती. मी मात्र पानाच्या त्या टोकाकडे बघत होते. वेलीला वर चढायला वेगळे तणावे नाहीत, पानाचं टोकच काहीतरी पकडतं. नळीत ठेवलेल्या त्या काडीच्या एका पानाने शेजारच्या पानाचा देठ धरून ठेवला होता. कापून, खोक्यात भरून, विमानाने आणूनही त्याची पकड सुटलेली नव्हती.

हेच फूल मानेपासून खुडून ताटात ठेवलं असतं, तर मी पुढे गेले असते. मला ते थांबवत होतं ते देठामुळे.

दुपारी प्रात्यक्षिक होतं. करून दाखवणाऱ्या बाई मूळच्या सांगलीच्या, आता बंगळूरला शिकवतात. मोठं स्टेज, मागे पडदा, आणि टेबलावर फक्त एक पसरट काळं भांडं, पाणी, आणि पितळी खिळ्यांचा जड ठोकळा. त्याला आपण पिनहोल्डर म्हणतो, जपानी लोक केंझान म्हणतात. फोम नाही. बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं की हा हिरवा फोम एकदाच वापरता येतो, मातीत मिसळत नाही, चुरा होऊन पाण्याबरोबर गटारात आणि तिथून खाडीत जातो. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने आपल्या प्रदर्शनांत 2021 पासून त्याला बंदी केली आहे, हेही सांगितलं. त्या फोमला आम्ही सगळे ओॲसिसच म्हणतो, खरं तर ते एका अमेरिकन कंपनीने 1954 साली काढलेल्या मालाचं नाव. महिन्याला माझे 60-70 ठोकळे जातात. भिजवताना जो हिरवा चुरा बादलीत राहतो, तो मी रोज मोरीत ओतते. ठाण्याची मोरी कुठे जाते हे मला चांगलं माहीत आहे. मी खाडीकाठच्या कोळीवाड्याशेजारी वाढले.

पण मन बदललं ते या माहितीने नव्हे. बाईंनी कळलावीची एक काडी उचलली आणि जवळजवळ मिनिटभर ती फक्त हातात फिरवत राहिल्या. कापली नाही, खोचली नाही. मग म्हणाल्या, "फूल कुठे बसवायचं ते शेवटी ठरवा. आधी दांडा कुठे जायचं म्हणतोय ते बघा." जपानच्या सोगेत्सु पद्धतीचं माप त्यांनी दोऱ्याने घेऊन दाखवलं. भांड्याची रुंदी अधिक उंची, त्याच्या दीडपट मुख्य काडी. दुसरी तिच्या पाऊणपट. पहिली काडी थोडी कललेली, दुसरी जास्त कललेली. कळलावीचा देठ बारीक, खिळ्यांत उभा राहीना, तर गुलछडीच्या जाड काडीचा बोटभर तुकडा कापून त्यात तो बारीक देठ सरकवला आणि तो तुकडा खिळ्यांवर बसवला. उभा राहिला. एकूण पाच काड्या झाल्या आणि बाई थांबल्या. मला वाटलं अजून करतील. मध्ये केवढी तरी मोकळी जागा होती, मी असते तर तिथे जिप्सी भरली असती. तीन मिनिटं बघत राहिले, तेव्हा लक्षात आलं की त्या मोकळ्या जागेमुळेच पानाचं ते वेटोळं शेवटच्या रांगेतूनही दिसतंय.

दुसऱ्या दिवशी पैसे भरून कार्यशाळेला बसले. हातात धरून बांधायचा बुके, फोमशिवाय, नुसत्या देठांच्या पिळावर उभा राहणारा. 12 जण होतो. पहिली काडी अंगठा आणि तर्जनीत उभी धरायची. दुसरी तिच्यावर तिरकी, बुंधा एका बाजूला. मग हातातली जुडी किंचित फिरवायची आणि तिसरी त्याच तिरप्या दिशेने. प्रत्येक काडी त्याच दिशेने, एकही उलटी नको. पकड ढिली ठेवायची, आवळायची नाही. वाचायला सोपं आहे. माझा हात सुईचा, दोऱ्याचा. गजरा बांधताना मोगऱ्याच्या कळ्या जोडीजोडीने समोरासमोर ठेवून गाठ मारायची सवय, बोटं आपोआप उलटी काडी घालायला जायची. सातव्या काडीपाशी एक चुकली आणि पुढे पंधरा काड्या घालेपर्यंत कळलं नाही. जरबेऱ्याची मान मोडली, कारण आत दोन देठ एकमेकांवर आडवे रेटत होते. बाईंनी सगळं सोडायला लावलं. दुसऱ्यांदाही सोडायला लावलं. तिसऱ्या वेळी मी डोळे मिटले आणि फक्त बोटांनी देठ मोजत गेले. जिथे सगळे देठ एकमेकांना ओलांडतात, तिथे सुतळीचे चार वेढे, गाठ, आणि खालचे बुंधे एका रेषेत कापले. टेबलावर ठेवला. हात काढला.

उभा राहिला. कशाच्याही आधाराशिवाय, देठांच्या घेरावर, फेटा बांधलेल्या माणसासारखा ताठ. मला तिथे रडू आलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय झालं? काही सांगता आलं नाही. 16 वर्षांत किती गाड्या देठ मी झाडून कचऱ्यात टाकले असतील, ते डोळ्यांपुढे आलं होतं.

घरी येऊन सासूबाईंना मोबाइलवर कळलावीचा फोटो दाखवला. त्यांनी फोन बाजूला सारला. "घरात आणू नकोस. कळ लागते. भांडणं होतात." मी म्हटलं, आई, गौरीला नाही का लावत? तर म्हणाल्या, "गौरीला लावतात ते गौरीचे हात. इतर दिवशी ती कळलावीच." या वाक्यावर मी खूप दिवस विचार केला. त्यांच्या मनात त्या फुलाला जागा आहे, पण वेळ ठरलेली आहे. मला ते पटलंही. आणि भीती निराधारही नाही, वेलीचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद तर सगळ्यात जास्त. जुन्या बायकांनी ती घरापासून लांब ठेवली त्यात शहाणपण होतं.

श्रावणात मी प्रयोग सुरू केले. हार्डवेअरच्या दुकानातून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणली, तिचा बोळा करून पितळी घंगाळात बसवला. फुलं छान उभी राहिली, दोन दिवसांनी पाणी तांबूस झालं. जाळी कापते तिथला जस्ताचा थर जातो आणि गंज धरतो. मग बांबूच्या कामट्या घेतल्या, घंगाळाच्या तोंडावर उभ्या-आडव्या बसवल्या आणि सांधे केळीच्या सोपटाने बांधले. सोपट आमच्याकडे हारासाठी असतंच, ओलं असताना गाठ घट्ट बसते. हे मात्र जमलं. पाण्यातही बदल केला. फुलांच्या पाण्यात घालायच्या पुड्या विकतात, त्यात साखर, आम्ल आणि जंतू मारणारं औषध असतं. मी घरी साखर, लिंबाचा रस आणि दोन थेंब ब्लीच घालून बघितलं, गुलाब दीड दिवस जास्त टिकले. जरबेऱ्याला मात्र पाणी कमीच, चार बोटं. त्याच्या देठावर लव असते, खोल पाण्यात ती कुजते आणि पाणी खराब होतं. हेही वाशीलाच कळलं. आधी मी बादली काठोकाठ भरायची.

पहिली ऑर्डर फसली. कासारवडवलीला सत्यनारायण होता, त्यांना चौरंगाजवळ ठेवायला दोन रचना हव्या होत्या. कामट्यांवर सुरेख बसवल्या, पाणी घातलं आणि रिक्षात मांडीवर घेऊन निघाले. घोडबंदर रोडचे खड्डे ठाणेकरांना सांगायला नकोत. पातलीपाड्याच्या पुढे एक गचका बसला, पाणी सगळं अंगावर, काड्या एका बाजूला कलंडल्या, दोन लिली मोडल्या. फोमची ताकद तेव्हा कळली. फोम धरून ठेवतो, वाटेत हलू देत नाही. त्या घरी पोचले तेव्हा पूजा सुरू व्हायला 20 मिनिटं होती. जे उभं करता आलं ते केलं आणि एका रचनेचे पैसे परत केले. त्या काकूंनी घेतले, आणि घ्यायलाच हवे होते.

तेव्हापासून रचना दुकानात बांधायची नाही असं ठरवलं. काड्या बादलीत, भांडं वेगळं, पाणी तिथल्या नळाचं. जागेवर जाऊन उभी करायची. तासभर जास्त जातो, आणि मी त्या तासाचे पैसे लावते. काही गिऱ्हाइकं गेली. लग्नाच्या स्टेजवर, उंच कमानींना अजून मला फोमशिवाय जमत नाही, तिथे मी तो वापरते. पण 60-70 वरून 12-15 वर आले आहे.

मग गौरी आल्या. पाचपाखाडीतल्या एका घरी तेरड्याची गौर असते, कोकणातलं जुनं घराणं. दरवर्षी आमच्याकडून हार-वेणी-पत्री जाते. या वर्षी मी त्या वहिनींना विचारलं, गौरीच्या बाजूला एक परात मांडू का, हाराऐवजी नव्हे, हाराबरोबर? त्या म्हणाल्या, "मांडा की. पण आपल्याकडचंच काहीतरी हवं." मी शहापूरकडून येणाऱ्या एका मावशींना आठवडाभर आधी सांगून ठेवलं. त्या दरवर्षी जांभळी नाक्याला तेरडा, आघाडा, दुर्वा घेऊन बसतात. म्हटलं, तेरडा मुळासकट नको, पण देठ हातभर लांब ठेवा. आणि तुमच्या बांधावर गौरीचे हात असतील तर पाच वेली, कळ्यांसकट, मुळाला हात न लावता वरून कापलेल्या. येऊरला जंगल राखीव आहे, तिथून काही तोडायचं नाही, म्हणून त्यांच्या बांधावरचंच मागितलं. मावशींनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लांब देठाचे जादा पडतील ताई. टोपलीत मावत नाही." त्यांनी सांगितला तो भाव मी दिला.

तेरडा फार नाजूक काम. देठ पाण्याने भरलेला, उजेडात धरला तर आरपार दिसतो, बोटाने दाबला तर काकडीसारखा मोडतो. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' असं आपण माणसांना म्हणतो, पण गौरही तीनच दिवस असते. अनुराधेवर येते, ज्येष्ठेवर जेवते, मूळ नक्षत्रावर जाते. तेवढं टिकलं की पुरे. रात्रभर अंधारात, गळ्यापर्यंत पाण्यात उभा केला. सकाळी प्रत्येक देठ ताठ होता.

वहिनींकडे परात त्यांचीच घेतली, जुनी, पितळी, तळाला कुणाचं तरी नाव ठोकलेलं. मध्ये पिनहोल्डर. दोरा लावून माप घेतलं. सगळ्यात लांब कळलावीची वेल, गौरीकडे किंचित झुकलेली. दुसरी तिच्या पाऊणपट. बुंध्याशी गुलाबी तेरडा, मग आघाड्याचे तुरे, आणि बस्स. जिप्सीची जुडी मी मुद्दाम दुकानातच ठेवून आले होते. घरात लहान मूल होतं, म्हणून परात उंच चौरंगावर ठेवली, नैवेद्याच्या पानापासून लांब, आणि या वेलीला हात लावला तर हात धुवायचे असं तीनदा सांगितलं. वहिनींच्या सासूबाई काठी टेकत आल्या, बराच वेळ बघत राहिल्या, आणि त्यांनी वेलीच्या टोकाकडे बोट दाखवलं. एका पानाच्या वेटोळ्याने गौरीच्या शेल्याची कड धरली होती. मी तसं केलेलं नव्हतं. मांडताना ती वेल तिथे टेकली असणार.

माझ्या सासूबाई दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला तिकडे जाऊन आल्या. काही बोलल्या नाहीत. रात्री झेंडू निवडताना एक लांब देठाचा झेंडू ढिगातून बाजूला काढून तांब्यात ठेवलेला मला दिसला. विचारलं नाही.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन. तेरडा गळून गेला होता, सगळी गुलाबी पाकळी परातीत पडली होती. "पण तुमच्या वेलीच्या टोकाची ती हिरवी कळी होती ना," त्या म्हणाल्या, "ती आत्ता उमलतेय. रंग फिका आहे, पिवळाच जास्त. गौर तर गेली. आता हिचं काय करू?"

मी म्हटलं, पाणी बदला, आणि देठ तळातून बोटभर तिरका कापा.